नऊ जागा, सात नावं

मंगळवारी इकडे अमेरिकेत मतदान आहे आणि यावेळी न्यायाधीशांनाही मत द्यायचं आहे, असं मी आप्पांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “न्यायाधीश मतं मागत हिंडतो? मग उद्या त्याच्यासमोर उभं राहणाऱ्यानं काय समजायचं?”

आप्पा वाई तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवडणुकीची ड्युटी त्यांना दर खेपेला लागायची. मतपेटी, मतपत्रिकांचे गठ्ठे, लाख, शाईची बाटली असं सगळं घेऊन ते आदल्या दिवशी एसटीने कुठल्यातरी वस्तीवर जायचे आणि दोन रात्रींनी परत यायचे. आले की आधी अंघोळ, मग जेवण, आणि मग आईला हिशोब सांगायचे, किती मतपत्रिका नेल्या, किती वापरल्या, किती परत दिल्या. एक जरी कमी भरली तरी झोप लागायची नाही त्यांना. स्वतःचं मत कुणाला दिलं हे मात्र त्यांनी आईलाही कधी सांगितलं नाही. त्यामुळे त्यांनी विचारलेला प्रश्न मला सहज झटकता येईना. आणि मंगळवार चार दिवसांवर आला होता.

हे २०२१ सालच्या मे महिन्यातलं, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्ग शहरातलं. आदल्या वर्षी फेब्रुवारीत मी अमेरिकेची नागरिक झाले होते. शपथ घेतली त्या दिवशी वाईच्या मतदार यादीतलं माझं नाव खऱ्या अर्थानं संपलं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मत देता येत नाही. ते मनाला लागलं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये अध्यक्षपदासाठी पहिलं मत दिलं ते टपालाने. पेनसिल्व्हेनियात तेव्हा टपाली मतदान नवंच होतं, २०१९ च्या कायद्याने कारण न देता कुणालाही ते खुलं झालेलं. मतपत्रिका आधी एका कोऱ्या गुप्ततेच्या पाकिटात घालायची, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात, आणि बाहेरच्यावर सही आणि तारीख. आतलं पाकीट विसरलं तर मत बाद. मी तीन वेळा उघडून तपासलं होतं. पण त्या मतदानात निवड करायला कठीण असं काही नव्हतं, सगळी नावं वर्षभर कानावर आदळत होती. खरा कस लागला तो या मे महिन्यात.

सुरुवात मार्चमध्ये झाली. शेजारच्या बाई, निवृत्त ग्रंथपाल, कुंपणापलीकडून बोलता बोलता म्हणाल्या, “तुझी नोंदणी कुठल्या पक्षात आहे?” मी म्हटलं, कुठल्याच नाही. नागरिक झाल्यावर अर्ज भरताना ‘कोणताही पक्ष नाही’ या चौकोनात मी समाधानाने खूण केली होती. मला ते सभ्यपणाचं वाटलं होतं, आप्पांच्या घरातलं. त्या म्हणाल्या, “मग मे महिन्यात तुला महापौरही निवडता येणार नाही आणि जजही. फक्त खालच्या प्रश्नांना हो-नाही करता येईल.”

हे समजून घ्यायला मला एक संध्याकाळ लागली. आपल्याकडे उमेदवार कोण हे पक्ष ठरवतो. मुंबईला चकरा होतात, कुणाचं तिकीट कापलं, कुणाला मिळालं याच्या बातम्या येतात, आणि शेवटच्या तासाला कुणीतरी एबी फॉर्म घेऊन निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत धावत पोचतो. इथली मे महिन्यातली निवडणूक म्हणजे प्रायमरी. प्रायमरी म्हणजे तो एबी फॉर्म कुणाला द्यायचा हे पक्षात नोंद असलेल्या साध्या मतदारांनी मत देऊन ठरवायचं. काही राज्यांत त्या दिवशी कुणीही जाऊन कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. पेनसिल्व्हेनियात तसं नाही. इथे ज्या पक्षात नोंद त्याच पक्षाची मतपत्रिका मिळते, आणि नोंद नसेल तर उमेदवारांची यादी हातात येतच नाही. शिवाय पिट्सबर्गसारख्या शहरात, जिथे १९३० च्या दशकापासून महापौर एकाच पक्षाचा आहे, तिथे खरी निवडणूक मे महिन्यातच होऊन जाते. नोव्हेंबरमध्ये उरतं ते बहुतेक शिक्कामोर्तब.

म्हणजे मी ज्याला तटस्थपणा म्हणत होते त्याचा अर्थ इतकाच होता की माझ्या शहराचा निर्णय माझ्याविना होणार. पक्ष बदलायची शेवटची तारीख ३ मे होती, मतदानाच्या पंधरा दिवस आधी. अर्ज ऑनलाइन होता, पाच मिनिटांचा. मी तो एप्रिलभर उघडत आणि मिटत राहिले. इथली मतदार यादी कुणालाही मागून घेता येते आणि तिच्यात नावापुढे पक्ष असतो. म्हणजे आप्पांनी आयुष्यभर जपलेली गोष्ट मी अर्धी उघड करणार होते. शेवटी भरला. मत कुणाला दिलं ते मी याही लेखात सांगणार नाही, तेवढं आप्पांचं राहू दे.

मग नमुना मतपत्रिका पाहिली, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती पसरून बसले तेव्हा पोटात गोळा आला. महापौर खूप खाली. त्याच्या वर कोर्टच कोर्ट. राज्याच्या सुप्रीम कोर्टाची एक जागा, तिथे या पक्षातून एकच नाव. सुपीरियर कोर्टाच्या एका जागेसाठी तिघं. कॉमनवेल्थ कोर्टाच्या दोन जागांसाठी चौघं. पेनसिल्व्हेनियात अपिलाची दोन वेगळी कोर्टं आहेत, त्यातलं कॉमनवेल्थ कोर्ट मुख्यतः सरकार एका बाजूला असलेले दावे ऐकतं, हे मला तेव्हा कळलं. आणि त्याखाली ‘कोर्ट ऑफ कॉमन प्लीज, अ‍ॅलेगेनी काउंटी: नऊपेक्षा जास्त नाही’. नऊ जागा. आणि त्यांच्यासाठी तीसहून अधिक नावं, एकाखाली एक. पुढे पत्ता नाही, व्यवसाय नाही, चिन्ह तर नाहीच.

कॉमन प्लीज हे काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, मुख्य न्यायालय. खून, दरोडे इथेच चालतात, घटस्फोट आणि मुलांचा ताबा इथेच, मोठे दिवाणी दावेही इथेच. त्याची एक शाखा ‘ऑर्फन्स कोर्ट’ म्हणवते, तिथे मृत्युपत्रं, पालकत्व, दत्तक यांची कामं होतात. एकदा निवडून आलेला जज दहा वर्षं बसतो. दहा वर्षांनी त्याच्यासमोर दुसरा उमेदवार नसतो, मतपत्रिकेवर फक्त ‘याला ठेवायचं का, हो की नाही’ असं असतं, आणि जवळजवळ नेहमी हो येतं. पंचाहत्तरीपर्यंत माणूस तिथे राहू शकतो. त्या टेबलावर बसून मी जी नऊ वर्तुळं काळी करणार होते, त्यांची माणसं कदाचित माझी मुलगी चाळिशीची होईपर्यंत लोकांच्या आयुष्याचे निकाल लावणार होती.

मला जज म्हणजे काय हे इथे एकदा जवळून कळलं होतं. २०११ साली आम्ही भाड्याचं घर सोडलं तेव्हा मालकाने आठशे डॉलरची अनामत परत दिली नाही. कालीन खराब झालं, भिंती रंगवाव्या लागल्या, असं तोंडी सांगत राहिला. नवरा म्हणाला सोडून दे, आपण इथे पाहुणे. मी सोडलं नाही. मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट जजकडे दावा लावता येतो असं कळलं. ते कोर्ट म्हणजे दुकानांच्या ओळीतला एक गाळा होता, आत खुर्च्या, एक उंच टेबल आणि मागे झेंडा. वकील लागत नाही. जजने मालकाला एकच विचारलं, घर सोडल्यापासून तीस दिवसांत नुकसानीची लेखी यादी पाठवली होती का? मग माझ्याकडे वळून, नवा पत्ता लेखी दिला होतास का? मी दिला होता, पत्राची प्रत पिशवीत होती. दहा मिनिटांत संपलं. माझं इंग्रजी तेव्हा अडखळत होतं. त्या माणसाने माझं प्रत्येक वाक्य पुरं होऊ दिलं. निकालापेक्षा तेच माझ्या जास्त लक्षात राहिलं आहे.

तो जज निवडून आलेला होता, सहा वर्षांसाठी. या खालच्या कोर्टाचा जज वकील असलाच पाहिजे असंही नाही, नसेल तर अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा द्यावी लागते. वाहतुकीचा दंड, घरभाड्याचे तंटे, बारा हजार डॉलरपर्यंतचे दावे, अटकेनंतरचा पहिला जामीन असं सगळं त्याच्याकडे. म्हणजे बहुतेक लोकांच्या आयुष्यात येणारं पहिलं आणि शेवटचं कोर्ट हेच. आणि त्याला कधीतरी मे महिन्यातल्या एका मंगळवारी, पावसाची सर आली म्हणून लोक घरी बसले असताना, थोड्याशा माणसांनी निवडलं होतं. त्यांतल्या कुणाचीच माझी ओळख नव्हती. माझी अनामत त्यांच्यामुळे परत आली.

उलट बाजूही याच राज्यातली आहे आणि ती मला विसरता येत नाही. ईशान्येकडच्या लुझर्न काउंटीत मार्क चिआवरेला आणि मायकल कोनाहन हे दोन जज होते. मुलांच्या खासगी सुधारगृहाशी संबंध असलेल्यांकडून दोघांनी मिळून २८ लाख डॉलर घेतले, आणि शाळेतली भांडणं, इंटरनेटवर केलेली चेष्टा अशा कारणांसाठी मुलांना बेड्या घालून तिथे पाठवलं जात होतं. कित्येकांना वकीलही मिळाला नव्हता. २००९ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने अशा हजारो मुलांवरचे निकाल रद्द केले. २०११ मध्ये चिआवरेलाला २८ वर्षांची शिक्षा झाली, कोनाहनला साडेसतरा. हे दोघेही निवडून आलेले होते. चिआवरेला १९९५ मध्ये निवडून आला, आणि २००५ मध्ये ‘ठेवायचं का’ या प्रश्नाला लोकांनी हो म्हटलं. त्या हो म्हणणाऱ्यांत वाईट माणसं किती असतील? मला वाटतं फार थोडी. बाकीच्यांना माहीत नव्हतं.

आप्पांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “म्हणूनच आपल्याकडे परीक्षा असते.” बरोबर आहे, खालच्या कोर्टातले न्यायाधीश एमपीएससीच्या परीक्षेतून येतात, वरच्या कोर्टात नेमणुका होतात, मतदाराचा संबंध येत नाही. पेनसिल्व्हेनियात १८५० पासून जज निवडून येतात. त्याआधी गव्हर्नर नेमायचे, आणि नेमणुकांत वशिला चालतो म्हणून लोकांनी घटना बदलून तो हक्क स्वतःकडे घेतला. आज इथेही नेमणुकीच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत. जजच्या प्रचाराला पैसे देणाऱ्यांत वकील असतात आणि तेच वकील उद्या त्याच्यासमोर उभे राहतात, हा आक्षेप मला खोडता येत नाही. उमेदवाराने स्वतः तोंडाने पैसे मागायचे नाहीत असा नियम आहे, त्याची समिती मागते. माझं स्वतःचं मत विचाराल तर, निवडायचेच असतील तर निदान पक्षाच्या रांगेत उभे करून निवडू नयेत. पण माझ्या मताने मतपत्रिका बदलणार नव्हती. ती टेबलावर होती.

मग अभ्यास सुरू केला. रात्री भांडी आवरली की वही घेऊन बसायची. काउंटीच्या वकील संघटनेची एक समिती प्रत्येक उमेदवाराची मुलाखत घेते, बरोबरच्या वकिलांना विचारते आणि शेरा देते. जोरदार शिफारस, शिफारस, सध्या शिफारस नाही, अपात्र. हा शेरा मी पहिल्या रकान्यात लिहिला. दुसऱ्या रकान्यात माणूस आधी काय करत होता ते. सरकारी वकील, गरिबांचा सरकारी बचाव वकील, कौटुंबिक खटले चालवणारा, मोठ्या फर्ममधला. लीग ऑफ विमेन व्होटर्स या मतदारांसाठी काम करणाऱ्या संघटनेची मतदार पुस्तिका असते, तीत उमेदवारांनी स्वतःच्या शब्दांत उत्तरं दिलेली असतात, ती तिसऱ्या रकान्यात. त्या वर्षी काही संघटनांनी एकत्र येऊन आठ उमेदवारांची एक यादीच पुढे केली होती, ‘स्लेट ऑफ एट’ म्हणून. तुरुंगातली गर्दी कमी करणं, जामिनाची पद्धत सुधारणं हा त्यांचा मुद्दा. ती यादी आयती घ्यावी असा मोह मला झाला. शेजारच्या बाईंनी घेतलीही. पण दुसऱ्याने काढलेली यादी मतपेटीत टाकायची तर मी रात्री जागत होते कशाला, म्हणून त्यातलीही नावं एकेक करून वहीत लिहिली.

एका रात्री झूमवर उमेदवारांची सभा झाली. करोनामुळे सगळं झूमवरच होतं. प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं. जजच्या उमेदवाराला ‘मी असा निकाल देईन’ असं वचन देता येत नाही, आचारसंहिता आड येते, त्यामुळे पहिला अर्धा तास सगळे सारखेच वाटले. न्याय, अनुभव, निःपक्षपातीपणा. मग कुणीतरी विचारलं, तुमच्या कोर्टात इंग्रजी न येणारा माणूस आला तर? बहुतेकांनी दुभाषा मागवू असं सांगितलं. एका बाईंनी सांगितलं की दुभाषा आला तरी मी त्या माणसाकडे बघून बोलते, दुभाष्याकडे नाही, नाहीतर त्याला आपण तिथे नाहीच असं वाटतं. मला दुकानांच्या ओळीतला तो गाळा आठवला. वहीत त्यांच्या नावापुढे मी मोठी खूण केली. हा काही शास्त्रशुद्ध निकष नव्हे हे मला कळतं. पण शेऱ्यांचे रकाने भरून झाल्यावर माणूस ओळखायला दुसरं काय होतं माझ्याजवळ?

आणखी एक गोष्ट कळली आणि तिने झोप उडवली. मतपत्रिकेवर नावांचा क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो. फिलाडेल्फियात तर या चिठ्ठ्या हॉर्न अँड हार्डार्ट कंपनीच्या कॉफीच्या जुन्या डब्यातून काढतात, ती तिथली परंपरा आहे. आणि जिला वरची चिठ्ठी मिळते त्या नावाला मतं जास्त पडतात, कारण नऊ भरायची आहेत म्हणून लोक वरून भरत येतात. दहा वर्षांची खुर्ची, आणि ती डब्यातल्या एका चिठ्ठीवर. आप्पांचा प्रश्न मला आता वेगळ्या तऱ्हेने बोचायला लागला. जज मतं मागतो हे तितकं वाईट नव्हतं. माणसं न बघता मत देत होती, ते वाईट.

सोमवारी रात्री माझ्या वहीत सात नावं पक्की झाली. आठव्या आणि नवव्यासाठी चार-पाच नावं उरली होती, आणि त्यांच्यापुढचे रकाने अर्धे रिकामे. नवरा म्हणाला, “दोन टाक कुणीतरी, शिफारस असलेली.” मी बराच वेळ बसले. मग वहीतून पान फाडलं आणि सातच नावं उतरवून घेतली. ‘नऊपेक्षा जास्त नाही’ असं लिहिलंय, नऊच द्या असं नाही. कमी दिली तर मत बाद होत नाही.

१८ मे, मंगळवार. सात वाजता मतदान सुरू होतं आणि रात्री आठपर्यंत चालतं. सुट्टी नसते, सकाळी मत द्या आणि कामावर जा. आमचं केंद्र शाळेच्या व्यायामशाळेत. दाराबाहेर प्रचार जोरात चालू होता. आपल्याकडे शंभर मीटरच्या आत चिठ्ठीही वाटता येत नाही, इथे कायद्याने फक्त दहा फूट सोडायचे. एका उमेदवाराची बहीण, दुसऱ्याचा मित्र, पक्षाच्या समितीचा माणूस, सगळ्यांच्या हातात गुळगुळीत कार्डं. एक उमेदवार स्वतः उभी होती, मास्क लावून, सकाळी सव्वासातला. तिने नाव सांगितलं. ते माझ्या पानावर होतं. मी तिला तसं सांगितलं नाही, फक्त नमस्कार केला, आणि तिने गोंधळून तसाच नमस्कार केला.

आत लाकडी टेबलामागे चारजण. त्या केंद्रावर पहिल्यांदा मत देणाऱ्याला ओळखपत्र दाखवावं लागतं, मी दाखवलं. नोंदवहीत सही केली. बोटाला शाई नाही. माझं डावं बोट मी नकळत पुढे केलं होतं, ते पाहून पलीकडच्या आजोबांना वाटलं मला काही दाखवायचंय. मतपत्रिका कागदी, लांब, दोन्ही बाजूंनी छापलेली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभं राहून काळ्या पेनाने वर्तुळं भरायची. खिशातलं पान काढलं, कागद आत नेता येतो. हात किंचित थरथरत होता, म्हणून पहिलं वर्तुळ अगदी सावकाश भरलं.

वरच्या कोर्टांची झाली. मग कॉमन प्लीज. एकेक नाव शोधत यादीतून खाली उतरत गेले, मध्ये काही नावं आली ज्यांचा मी विचारही केला नव्हता. सात भरली. मोजली. महापौरपदासाठी त्या वर्षी बिल पेडूटो, जे दोनदा महापौर झालेले, आणि एड गेनी हे राज्याच्या विधिमंडळातले सदस्य यांच्यात चुरस होती. तिथे मला अडखळायला झालं नाही. त्याच्या खाली कुठेतरी ‘जज ऑफ इलेक्शन’ असं पद दिसलं आणि मी दचकले, हा जज माझ्या वहीत नव्हताच. मग उलगडलं. हे आपल्या मतदान केंद्राध्यक्षाचं पद. इथे प्रत्येक केंद्राचा अध्यक्ष आणि निरीक्षक तिथलेच मतदार चार वर्षांसाठी निवडून देतात. अध्यक्षाच्या जागेपुढे एक नाव होतं, नंतर कळलं की नोंदवही घेऊन बसल्या होत्या त्याच बाई. निरीक्षकाच्या जागेपुढे कुणीच नाही, फक्त नाव हाताने लिहायला एक रिकामी ओळ. मी आप्पांचा विचार करत तिथे क्षणभर थांबले. त्यांना ही ड्युटी हुकमाने लागायची. मी त्या ओळीवर शेजारच्या बाईंचं नाव लिहिलं.

मागच्या बाजूला प्रश्न. राज्याचे चार, काउंटीचा एक, शहराचा एक. गव्हर्नरने जाहीर केलेली आणीबाणी विधिमंडळाच्या संमतीशिवाय २१ दिवसांत संपावी का, हा प्रश्न इतक्या लांबलचक वाक्यात होता की घरी दोनदा वाचला नसता तर मी उलट उत्तर दिलं असतं. तुरुंगात एकांतवासाची शिक्षा बंद करायची का, आणि पोलिसांनी न ठोठावता दार फोडून आत शिरणं बंद करायचं का, हे दोन मात्र स्वच्छ होते. पोलिसांच्या धाडीत गोळ्या लागून ब्रिओना टेलर ही तरुणी गेली, त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. पक्षाची नोंद नसलेल्यांनाही या सहा प्रश्नांवर मत देता येत होतं. माझ्यापुढे रांगेत एक तरुण मुलगा तेवढी छोटी मतपत्रिका घेऊन गेला. मार्चमध्ये कुंपणावर ते बोलणं झालं नसतं तर मीही तीच घेतली असती.

मतपत्रिका यंत्रात सरकवली. एका पदाला जास्त खुणा झाल्या असत्या तर यंत्राने सांगितलं असतं. दोन कमी होत्या, त्याबद्दल ते काही बोललं नाही. गेली आत.

संध्याकाळी आठनंतर मी परत केंद्राकडे चालत गेले. मत मोजलं की यंत्रातून निघणारी कागदी पट्टी दाराला चिकटवतात असं शेजारच्या बाईंनी सांगितलं होतं. पट्टी लांबच लांब होती, किराणा दुकानातल्या पावतीसारखी, दाराच्या काचेवर टेपने लावलेली. मी बॅटरीच्या उजेडात तिचे फोटो काढले आणि आप्पांना पाठवले. तिकडे पहाट झाली होती.

शहराचे निकाल रात्री उशिरा आले. गेनी जिंकले, आणि नोव्हेंबरनंतर पिट्सबर्गचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. तुरुंगाचा आणि दाराचा, दोन्ही प्रश्नांना लोकांनी हो म्हटलं. माझ्या सातांपैकी चौघं आले. नमस्कार करणारी आली नाही. त्याचं वाईट वाटलं, पोटच्या पोराला कमी मार्क पडल्यासारखं.

बुधवारी आप्पांचा फोन आला. त्यांनी फोटो मोठे करून पट्टीवरचे सगळे आकडे एका वहीत उतरवून घेतले होते. कॉमन प्लीजच्या सगळ्या नावांची मतं मिळवली होती, एकूण मतदार गुणिले नऊ केले होते, आणि वजाबाकी केली होती.

“बरीच वर्तुळं मोकळी सोडलीत तुमच्याकडच्या लोकांनी,” ते म्हणाले. “तू एकटी नाहीस.”

मी म्हटलं, “काहींनी कंटाळा केला असेल, आप्पा.”

“असेल. काहींनी तुझ्यासारखं केलं असेल. पट्टीवर ते कळत नाही.” थोडं थांबून म्हणाले, “नोव्हेंबरची यादी कधी येते? आली की मलाही पाठव. रकाने दोघं मिळून भरू.”